तिसऱ्या गाण्यातला माझा ट्रम्पेट

वडूज, बुधवार, संध्याकाळ

आज मेघाचा फोन आला. तिच्या पहिल्या अल्बमला दहा वर्षं झाली, म्हणून सांगलीत कार्यक्रम आहे. जुन्या विलायती सोल गाण्यांच्या ढंगाचा तो अल्बम. तिसऱ्या गाण्यातला ट्रम्पेट माझा. लग्नाच्या बँडमधून तिनंच मला नेलं होतं.

तिथं वाजवाल का म्हणाली, मी लगेच हो म्हणून बसलो. मग ते तिसरं गाणं चारदा ऐकलं. एवढा दम माझाच होता? कवळी बसवल्यापासून ट्रम्पेटातून नुसती हवा जाते.

“आवं, सांगून टाका तिला,” बायको म्हणाली.

फोन करून सांगितलं.

“काका, मग तुमचं जुनं रेकॉर्डिंग लावू. तुम्ही नुसता तोंडाला लावून उभे राहा.”

लय लागलं मनाला. तरी बरं म्हणालो. निदान उभं तरी राहायला मिळेल.