लंकाबाईचा कोयता

१४ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी अंक आला. माझी कथा, माझा फोटो! आणि पोस्टमन नेमका शेजारच्या लंकाबाईच्या हातात देऊन गेला. "कशाचं पुस्तक गं?" म्हणाली. "आरतीच्या शाळेचं," म्हटलं. लेकीचं नाव तोंडातून निघूनच गेलं.

आनंद चहा उकळेपर्यंतही टिकला नाही.

१५ ऑक्टोबर

कंपनीत चित्त नाही. रबरी वायसरच्या कडा ब्लेडने साफ करताना बोट कापलं. सुपरवायझर ओरडला, "मॅडम, लक्ष कुठंय?" लक्ष कुठं असणार!

कथा सगळी लंकाबाईची. पाथर्डीकडची ती. ऊसतोडीला मुकादम जोडी घेतो — नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या बाईला कोण विचारतो? नवरा सोडून गेला तेव्हा हिनं सख्ख्या भावालाच नवरा म्हणून उभं केलं. अख्खा हंगाम दोघांनी एका कोपीत, पाचटाच्या खोपटात काढला. पोटासाठी. मेथी निवडता निवडता सांगितलं होतं मला. कुणाला सांगू नको, असं म्हणाली नव्हती. पण ते काय सांगावं लागतं?

मी नाव बदललं, कौसल्या केलं. गाव बदललं. बाकी जसंच्या तसं. भाऊ रोज पाठ फिरवून झोपायचा, तेसुद्धा! संपादकांना नेमकं तेच आवडलं.

१७ ऑक्टोबर

तिला वाचता येत नाही. पण आरतीला येतं ना! मी कामावरून येईपर्यंत पोरगी तिला मराठीचं पुस्तक वाचून दाखवत बसते. अंक गव्हाच्या कोठीत खोल पुरला.

नवऱ्यापासून सुटले तेव्हापासून लंकाबाईच्या जिवावर नोकरी करतेय, लिहितेय. दुसरी पाळी असली की आरती तिच्याकडेच जेवते, तिच्याच कुशीत झोपते. तिनं दार लावलं तर पोर कुठं ठेवू? आणि पोरीचं निमित्त कशाला — मलाच तिच्यावाचून करमायचं नाही.

१८ ऑक्टोबर

सारखी माझ्याकडे बघते. की मलाच तसं वाटतं? चोराच्या मनात चांदणं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शहाणी मी! दोन्ही घरचं दळण लंकाबाईच नेते — हे कसं विसरले? आज तिनं कोठी उपसली. संध्याकाळी आले तर आरती उड्या मारतेय, "आई, तुझा फोटो सापडला! आम्ही सगळी गोष्ट वाचली!"

लंकाबाई माझ्या ताटात भाकरी वाढून निघून गेली.

२० ऑक्टोबर

तिचं दार बंद. आरती दोनदा हाका मारून आली. "आई, आपण काय केलं?"

२१ ऑक्टोबर

सकाळी लंकाबाई आली. उंबऱ्यातच उभी. मला रडूच फुटलं. "मावशी, मी नाव तर बदललं होतं."

"तेच म्हंते मी. मुकादमानं कोयता भावाच्या नावावर लिवला. तू गोष्ट त्या कौसल्येच्या नावावर लिवली. मंग मी कुठं हाय गं?"