चुलीपुढचे मार्क

आई, तुझी धाकटी नात आता सातवीत आहे. वसतिशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं तिच्या मनाने घेतलंय, म्हणून महिनाभर मी रोज संध्याकाळी तिची तयारी घेते. भाकऱ्या करता करताच घेते, कारण मला दुसरी कुठली पद्धत माहीत नाही. तू माझी घेतलीस ती तशीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. कोरा कागद मिळत नव्हता आणि रॉकेल इतकं थोडं की कंदील फक्त जेवणापुरता लागायचा. दिवसभर तू मिशनच्या शाळेत बिगरीची पोरं सांभाळायचीस. शेवगावकडच्या त्या गावात शाळा म्हणजे एकच खोली, आणि त्या खोलीत तू एकटी. उरायची ती संध्याकाळ, चुलीच्या उजेडाची. नगरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाऊन आलेल्या कुठल्याशा बाईंकडून तू तिथल्या प्रवेशपरीक्षेचे जुने पेपर मागून आणले होतेस. दिवसा ते पाठ करायचीस आणि संध्याकाळी परातीपुढे बसून एकेक प्रश्न मला विचारायचीस. मी पाटी घेऊन तुझ्यासमोर. गणित मोठ्याने म्हणत सोडवायचं असा तुझा नियम होता, कारण पिठाच्या हातांनी तुला पाटी घेऊन बघता यायची नाही. "एक हौद दोन नळांनी भरतो," तू म्हणायचीस, आणि मी म्हणायचे, आपल्या गावात प्यायला पाणी नाही आणि हे हौद कुठले भरतायत? "परीक्षेत भरत्यात. तू मोज," तू म्हणायचीस.

शेजारची पाटलीण विस्तव न्यायला यायची आणि उंबऱ्यातच उभी राहायची. "बाई, पोरगी बालिष्टर व्हनार तुमची. मग भाकरी कोन थापनार हिच्या घरी?"

"तिचा नवरा थापंल," तू म्हणालीस, मान वरसुद्धा न करता. पाटलीण इतकी हसली की तिच्या हातातल्या गोवरीवरचा निखारा खाली पडला.

शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की तू मार्क सांगायचीस. शंभरात ऐंशीच्या खाली मी कधी आले नाही. पुढे पुढे तर नव्वद. तू लाडाने वाढवून सांगत नव्हतीस, हे मला आजही ठाम माहीत आहे. एका पैचा फरक पडला तरी तू अख्खं गणित चूक धरायचीस. मला जागा मिळाली तर दोन वर्षं नगरला बोर्डिंगात राहायचं, शिकायचं, आणि परत यायचं ते पक्की शिक्षिका होऊन. तू स्वतः ट्रेनिंग न झालेली, म्हणून जन्मभर कच्चीच राहिलीस. इन्स्पेक्टर आले की भिंतीला टेकून उभी राहायचीस. माझ्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच तुला हवं होतं. बाबा गेल्यानंतर तू देवाकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

परीक्षेच्या दिवशी आपण कोळशावरच्या मोटारीने नगरला आलो. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं आणि मोटार वर पोचली की पुन्हा बसायचं. त्या चालण्यातही तू मला विचारत होतीस आणि मी सांगत होते. देवळाएवढा मोठा हॉल. सतरंज्या, पुढे बुटकी डेस्कं, प्रत्येक डेस्कामागे एक मुलगी. तू बाहेर चिंचेखाली बसलीस. पेपर हातात येतो. छापील. मी वाचते आणि मला हसू येतं, कारण सगळं ओळखीचं आहे. पहिलं गणित मी सोडवते, उत्तर लिहिते, आणि थांबते. कशासाठी थांबते ते मला कळत नाही. हॉलमध्ये कसलाही आवाज नाही. आणि मला वाटायला लागतं की उत्तर चुकलंय. मी परत करते, तेच येतं, तरी चुकलंय असं वाटत राहतं. खोडते. दुसरं येतं ते लिहिते. दुसऱ्या गणितालाही तसंच. पांढऱ्या पातळातल्या एक बाई रांगांमधून चालत येतात, मी त्यांच्या तोंडाकडे बघते, त्या म्हणतात, "खाली बघा." घंटा होते तेव्हा माझा निम्मा पेपर कोरा असतो आणि उरलेला खाडाखोडीने काळा.

"कसा गेला?" तू विचारलंस. मी म्हटलं, सोपा होता. तो सोपाच होता, आई.

निकाल लागला तेव्हा मला शंभरात एकतीस होते. तू तो आकडा दोनदा विचारून घेतलास आणि माझा हात धरून थेट ट्रेनिंग चालवणाऱ्या मिशनच्या मडमच्या व्हरांड्यात गेलीस. ज्यांच्यापुढे एरवी तुझा आवाज फुटत नसे त्या मडमला तू म्हणालीस, "मडमसाहेब, काहीतरी चूक हाय. तुमच्यासमोर विचारते हिला. ऐका तुमी."

आणि तू विचारलंस. तिथेच, उभ्या उभ्या, हातातल्या छत्रीचं टोक फरशीवर टकटक वाजवत. तोच परीक्षेचा पेपर, मी घरी आणलेला आणि तू पाठ केलेला, ओळीने. मी एकही प्रश्न चुकले नाही. मडम चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. मग फार मायेने म्हणाल्या, "बाई, मुलगी हुशार आहे, मला दिसते. पण मी काय करू? कागदावर तिने हे लिहिले नाही. पुढच्या वर्षी आणा."

पुढच्या वर्षी तुझी शाळाच बंद झाली. पाऊस नव्हता, माणसं पोराबाळांना घेऊन साखर कारखान्यांकडे गेली, आणि रिकाम्या खोलीसाठी मिशन पगार देईना. मिरजगावच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं स्थळ आलं. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. आणि तू होकार कळवलास.

लग्नाच्या जेवणात तू माझ्या सासूला सांगितलंस, "तशी ही ट्रेनिंगलाच जायची. कुनीतरी पेपर बदलला पोरीचा, म्हनून तुमच्या वाट्याला आली." सासूबाई म्हणाल्या, "बदलणाऱ्याचं देव भलं करो." सगळे हसले. तूही हसलीस, पण ते तू गमतीने बोलली नव्हतीस. पुढे देवळात, बाळंतपणात, आजारपणात, जो भेटेल त्याला तू हेच सांगत राहिलीस. शेवटच्या दुखण्यात तापाच्या ग्लानीतसुद्धा तू कुणाला तरी म्हणत होतीस, तुमी विचारून बघा तिला, आत्ता विचारा.

मी संसारात पडले, चार चांगली माणसं भेटली, उशिरा का होईना लिहायला लागले. माझं फार वाईट झालं नाही. पण ते एकतीस मार्क कुठून आले ते मला कधी उमगलं नव्हतं. पेपर बदललेला नव्हता. त्यावरची खाडाखोड माझीच होती. मग मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माझ्यात काहीतरी कमी आहे, बाहेरच्या जगापुढे उभं केलं की नाहीसं होणारं.

काल संध्याकाळी पोरगी माझ्यासारखीच चुलीपुढे, म्हणजे माझ्या स्टोव्हपुढे, बसून गणित म्हणत होती. म्हणता म्हणता मध्येच तिने पायरी बदलली आणि बरोबर उत्तराला आली. मी विचारलं, तुला कसं कळलं चुकत होतं ते?

"तुझा हात थांबला ना," ती म्हणाली.

"कसला हात?"

"भाकरीवरचा. मी चुकायला लागले की तुझं थापणं थांबतं. बरोबर असलं की चालू राहतं. तुला माहीत नाही? मी तर गणिताकडे बघतच नाही, आई, तुझ्या हाताकडे बघते." आणि खो खो हसली.

मी हसले नाही. हातात अर्धी थापलेली भाकरी तशीच राहिली. त्या हॉलमधली शांतता मला पुन्हा ऐकू आली. थापण्याचा आवाज नाही, म्हणजे उत्तर चूक. सगळीच उत्तरं चूक.

नंतर मी हात न थांबवता थापायचा प्रयत्न केला. जमत नाही गं. लेकरू चुकत असताना हात चालतच नाही. दोन भाकऱ्या मोडल्या. उद्यापासून तिला दुसऱ्या खोलीत एकटीला लिहायला बसवायचं ठरवलंय, पण तिची परीक्षा परवावर आली आहे.

हे तुला कळवावं म्हणून लिहायला बसले होते. तुझ्या लेकीत काही कमी नव्हतं आणि तुझे मार्कही खोटे नव्हते, हे सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर तुझ्या हाताचंही सांगावं लागेल. आई, तू आत्ता दारातून आत आलीस आणि विचारलंस, तर मी म्हणेन, हो, कुणीतरी पेपर बदलला असणार.