खिडकीतली रिकामी बरणी

दोनेत्स्क,
१० सप्टेंबर १९८२

तीर्थरूप बाबा व आईस,
ताराचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले हे तारेने कळवलेच आहे. आता बाकीचे सुखरूप नाही ते कळवते.

बाबा, तुम्ही म्हणत होतात की रशियन लोक फार हसतमुख असतात, प्लान्टमध्ये तुम्ही पुष्कळ पाहिले. ते हसतमुख होते कारण ते भिलाईत होते आणि त्यांना ऊन मिळत होतं. इथे कोणी हसत नाही. पहिलं वर्षभर नुसती भाषाच शिकायची आहे, मेटलर्जी नंतर. वर्गात मी तोंड उघडलं की बाई कपाळाला हात लावतात. भिलाईच्या शाळेत पहिली येणारी मुलगी मीच का, असा मलाच प्रश्न पडतो. जेवणात बीट. सकाळी बीट, दुपारी बीटाचं सार, त्यावर दह्याचा गोळा. थंडी अजून सुरूच झाली नाही असं माझ्या खोलीतली गाल्या सांगते, आणि मी आईने विणलेले दोन्ही स्वेटर एकावर एक घालून बसले आहे.

होस्टेलच्या दाराशी एक आजीबाई पहाऱ्याला बसतात, झिनाइदा पेत्रोव्हना नावाच्या. कार्ड दाखवल्याशिवाय देवालाही आत सोडायच्या नाहीत. मी चार दिवस खोकत होते तर पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याची बरणी ठेवली आणि पुन्हा कार्ड मागितलं. मुरंबा दोन दिवसांत संपला. रिकामी बरणी खिडकीत उभी आहे. तिच्यामागे इथल्या कारखान्याच्या चिमण्या दिसतात, अगदी आपल्यासारख्या, आणि त्या पाहिल्या की मला रडू येतं.

आता मुद्द्याचं लिहिते, रागवू नका. मला परत यायचं आहे. ज्यांना जायचं असेल त्यांनी वडिलांच्या सहीचं संमतीपत्र एक नोव्हेंबरच्या आत ऑफिसात द्यायचं, असं इथे सांगितलं आहे. त्यानंतर वर्षभर सुटका नाही. बाबा, कृपा करून ते पत्र पाठवा. मी दुर्गच्या कॉलेजात बी. एस्सी. करीन, लोक हसले तर हसू देत.

शकुकाकूंना नमस्कार. आईच्या चिवड्याचा डबा अजून अर्धा आहे, तो मी मोजूनमापून खाते.

लोभ आहेच, तो पोस्टाने का होईना पण येत राहावा.
तुमची,
तारा


दोनेत्स्क,
२८ सप्टेंबर १९८२

तीर्थरूप बाबा व आईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिलं पत्र अजून तुमच्या हाती पडलं नसेल, पण इथे एक भानगड झाली आहे ती कळवल्याशिवाय राहवत नाही.

जायच्या आधी आजीबाईंची बरणी द्यायला हवी म्हणून मी ती धुतली. पण रिकामी नेऊन देताना हात पुढे होईना. आई, तुझीच सवय, दुसरं काय. म्हणून तिच्यात आपला चिवडा भरला आणि नेऊन दिली. आजीबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काही चोरून आणलं आहे. मग त्यांनी तिथेच मूठभर तोंडात टाकला. आई, तू मिरच्या हात राखून घातल्या नव्हत्या. तीन ग्लास चहा झाला तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांचं पाणी थांबलं.

दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा माझ्या दाराशी, खारवलेल्या काकड्यांनी गच्च भरलेली. मी गाल्याला विचारलं. तिला थोडं इंग्रजी येतं. ती म्हणाली की इथे बरणी धुऊन रिकामीच परत करतात, हिवाळ्याची साठवण करायला लागते म्हणून. भरून दिली म्हणजे परदेशी पोरीने स्वतःच्या तोंडचा घास दिला, असं आजीबाईंना वाटलं आणि ते त्यांच्या मनाला फार भिडलं. मग मी काकड्या खाऊन बरणीत तिळाची चटणी भरून दिली. परवा त्यातून कोबीचं लोणचं आलं. माझा घरचा फराळ संपत चालला आहे आणि त्या काही मागे हटत नाहीत.

एक मात्र झालं. रोज संध्याकाळी मला दाराशी स्टुलावर बसवून त्या बोलायला लावतात, चुकलं की टेबलावर बोट आपटतात. वर्गातल्या बाईंनी काल कपाळाला हात लावला नाही.

तरी संमतीपत्र पाठवाच. माझं मन बदललेलं नाही. आजीबाईंना सांगायचं कसं, एवढीच पंचाईत आहे.

आठवण ठेवावी, माझी तर चोवीस तास सुरूच असते.
तारा


सडक १४, सेक्टर ५, भिलाई
३ ऑक्टोबर १९८२

चि. तारास,
मारोतरावाचे अनेक आशीर्वाद.

तुझे दहा तारखेचे पत्र परवा मिळाले. पहिल्यांदा मी दारात उभ्यानेच वाचले, मग शिफ्टला गेलो. रेल मिलमध्ये गुलाबरावांनी विचारले की मुलगी कशी आहे, तेव्हा मजेत आहे म्हणालो. सेक्टरभर मीच पेढे वाटले होते, त्यामुळे आता मलाच खोटे बोलावे लागते.

संमतीपत्र सोबत जोडले आहे. गुलाबरावांनीच इंग्रजीत टाइप करून दिले, काही विचारले नाही. सही केली आहे. खरे सांगतो, सही करताना तू परत यावीस असे वाटत होते आणि येऊ नयेस असेही वाटत होते. तुझी खोली आईने रोज झाडून ठेवली आहे. ठरवायचे ते तू ठरव, मी बोल लावणार नाही.

आता आईचा मजकूर. ती समोर बसली आहे. तिला लिहिण्याचा सराव नाही, पण वाचता चांगले येते, आणि मी एक शब्द गाळला तरी ती पकडेल अशी तिने तंबी दिली आहे. म्हणून ती बोलते तसे उतरवून घेतो.

तारा, तुह्यं पत्र मी तीनदा वाचलं. थंडी, बीट, समदं समजलं. मले एकच सांग, त्या बाईची बरणी वापस केली का नाही? खिडकीत काहून ठेवली?

तुले तुह्या बाबाची गोष्ट सांगतो. हे भिलाईले नोकरीवर लागले तवा आठव्या दिवशी गावाले पळून आले होते. (अकराव्या दिवशी. बाकी खरे आहे. — मारोतराव) मी तवा घरात नवी सून. दाराआडून पाहून राहिली होती. आमगावच्या टेसनावरून पायी आले, तोंड एवढंसं. म्हणे तिथं कोणी आपलं नाही, मशीन धडधड करून राहिली, जेवण जात नाही, मी आता धानाच्या बांधीतच काम करतो. (हे मी रडत सांगितले असे ती लिहायला लावते. लिहिले.)

तुह्या आजीनं ह्यांच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. थैलीतून पितळी डबा निंगाला त्याच्याकडं पाहिलं. इचारलं, कोनाचा हाय? हे म्हणे, कॅम्पात शेजारच्या शकुबाईनं, तुह्या शकुकाकूनं, बेसनाची तळलेली ठेठरी देली होती, त्याचा हाय, घाईत रायला. आजी म्हणे, कोनाचा डबा ठेवून घेते का कोनी? तिनं बसल्या बैठकीत मुरमुऱ्याचे लाडू वळले, डबा भरला, आन म्हणे, आंधी हा देऊन ये, मंग नोकरी सोडाची त सोड.

हे डबा द्याले गेले. शकुबाईनं दुसऱ्या दिवशी त्यात भजे भरून पाठवले. तवापासून चोवीस वर्षं झाले, डबा फिरूनच राहिला. कालच मी त्यात शेव भरून शकुबाईकडं देला.

तू ये, तुले कोनी नाही म्हणत नाही. पण बरणी भरून देल्याबिगर येऊ नको.

मजकूर संपला. तारा, ही हकीकत तुला कधी कळू नये अशी माझी इच्छा होती. मुलांना मी नेहमी सांगत आलो की मी पहिल्या दिवसापासून टिकून राहिलो. आता तुझ्या आईने माझ्याच हाताने मला उघडे पाडले. पण लिहिताना वाटले, बरे झाले.

प्रकृतीस जपावे, आणि आमच्यावरची माया थंडीने आखडू देऊ नये.
तुझा,
बाबा


दोनेत्स्क,
२ नोव्हेंबर १९८२

तीर्थरूप बाबा व आईस,
ताराचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पंचवीस तारखेला मिळालं. मी इतकी हसले की गाल्या घाबरून पाणी घेऊन आली, आणि मग मला रडताना पाहून तिला काही कळेना. बाबा, तुम्ही पळून आला होतात हे वाचून मला जेवढा धीर आला तेवढा तुमच्या कुठल्याही उपदेशाने आला नव्हता. हे आधीच का नाही सांगितलं?

संमतीपत्र घेऊन मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले होते, हे लपवत नाही. पण बरणी तेव्हा माझ्याकडे होती, आणि आईची अट होती. फराळाचा डबा तर खरवडून संपलेला. मग गाल्याकडून रवा आणि लोणी घेतलं आणि होस्टेलच्या स्वयंपाकघरात जन्मात पहिल्यांदा शिरा केला. पहिला करपला, दुसरा जमला. बरणीचं झाकण गंजून मोडलं होतं. वरून बांधायला जाड, स्वच्छ कागद हवा होता आणि खोलीत तसा एकच होता. बाबा, तुमचं संमतीपत्र बरणीच्या तोंडावर बसवलं आणि दोऱ्याने घट्ट बांधलं.

आजीबाईंनी सहीवर बोट ठेवून विचारलं, हे कोणी लिहिलं. मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की माझ्या बाबांनी, मी परत गेले तरी चालेल असं. त्यांनी दोरा सोडला, कागदाची घडी केली आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात घातली. आणि म्हणाल्या की हा आता त्यांच्याकडेच राहील. मग शिरा खाल्ला. आणि हसल्या. समोरचे दोन दात सोन्याचे आहेत, ते मला पावणेदोन महिन्यांनी दिसले.

काल एक तारीख होऊन गेली. गुलाबरावकाकांना आता खुशाल सांगा की मुलगी मजेत आहे, ते खोटं होणार नाही. आणि आई, शिऱ्यात वेलदोडा कधी घालायचा ते कळव, मला आता तो पुष्कळदा करावा लागणार आहे.

आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी सफरचंदाचा मुरंबा. बरणी सध्या माझ्याकडे आहे.

तुमची,
तारा