बाबांच्या श्वासाची तालीम

कर्जत, मंगळवार, दिवेलागण

डॉक्टर म्हणाले, श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं, कॅन्सरची गाठ किरणांतून निसटते. म्हणून मशीनखाली बाबांनी श्वास धरायचा. घरी तालीम मी घेते. शिकलेली मीच ना.

आज "धरा" म्हटलं. किरणांसाठी पोटावर काढलेली जांभळी फुली थांबली. "सोडा" म्हटलं, तरी ती हलेना. मी ओरडलेच, "बाबा, सोडा!"

चुलीपासून आई म्हणाली, "बापाला मेल्याचं सोंग शिकवतेस काय गं?"

बाबांनी डोळे उघडले, हसले. "आयकलं व्हतं गं. पन तिकडं कायबी दुखत नाय."

तिकडं म्हणजे कुठे? मी त्यांचा सदरा ओढून फुली झाकली. आता ते झोपलेत. सदऱ्याखाली फुली हलते आहे ना? उद्या पुन्हा "धरा" मलाच म्हणायचं आहे.