तिचं पान

॥ खंडोबा प्रसन्न ॥
दौंड, ता. ११ ऑक्टोबर १९९८

चि. सोपानास ताईचे अनेक आशीर्वाद.

आई माझ्याकडं राहायला आली तवापासून फोन तिच्या खाटेशेजारीच असतो, आन् तिचे कान तुझ्यासारखेच तिखट. म्हणून पत्र लिहिते.

आबांचं वर्षश्राद्ध महिन्यावर आलं. दर सर्वपित्रीला आबा पितरांच्या पानांशेजारी एक पान जादा वाढायचे, ते तुला ठाऊक हाय. कुणाचं म्हणून विचारलं की, एक होती, तिनं मला पाणी पाजलं, एवढंच. जाताना माझा हात धरून म्हणाले, माझ्यामागं तिचं पान चुकवू नका. ते आईनं ऐकलं. आता ती म्हणते, ते पान वाढलंत तर मी त्या दिवशी पाटसला भावाकडं जाऊन बसेन. पन्नास वर्सं सवतीला रांधून घातलं, आता तरी माझा धनी माझ्या एकटीचा राहू दे.

संशय जुना हाय. लग्नात आजोबांनी दिलेली अंगठी आबांनी कधी घातली न्हाई, हे बोट चांगलं न्हाई म्हणाले. कुणाला रस्ता दाखवायचा तरी हनुवटीनं दाखवायचे. आईच्या मते ते बोट आधीच मुंबईच्या बंदरावर कुणाला तरी देऊन झालेलं. शेवटच्या तापात तर एकच घोकत होते, माझ्या बोटापायी बोट गेली. पाची बोटं जागेवर होती रे! तुझं नाव एकदा तरी घेतील वाटलं, पण आठवली ती तेवढी.

पान तुझ्या हातानं वाढायचं. बापाचं ऐकणार का आईचं, ते कळव. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी ताई


शिरूर, ता. १७ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस सोपानचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. माझं नाव आबांनी घेतलं नाही हे तू न विसरता लिहिलंस, त्याबद्दल आभारी आहे. तुझ्या ओट्यावर रोज चहाला येणारा बाप माझ्या दुकानाची पायरी चौदा वर्षांत चढला नाही. त्यात ही तिसरी. रांगेत माझा नंबर कितवा, ते एकदा सांगून टाक.

पण एक विचारतो. दिवसभर मोटरच्या घरघरीवरून बिघाड ओळखणारा माणूस मी, कान खोटं सांगत नाही. आबा बोट गेली म्हणाले ना? गेलं नाही म्हणाले? हाताचं बोट जातं, ताई. जाते ती पाण्यातली बोट. लग्नाआधी, लढाईच्या काळात, आबा दौंडच्या इंजिनावरचं काम सोडून जहाजावर कोळसा मारायला गेले होते. एक फेरी करून आले, पुन्हा समुद्राचं नाव काढलं नाही. बरोबर भांडगावचे भिमाआप्पा होते. रविवारी त्यांना गाठतो. तोवर आईला पाटसच्या एसटीत बसू देऊ नकोस.

रागावलीस तरी लोभ आटू नये, ही विनंती.

तुझा सोपान


शिरूर, ता. २६ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव.

भिमाआप्पांना ऐकू येत नाही. ती कोण, म्हणून मी ओरडून विचारलं, तर अर्धं भांडगाव गोळा झालं. आप्पा आधी हसले, मग रडले.

ती जर्मनांची पाणबुडी. साल त्रेचाळीस, आफ्रिकेच्या टोकाजवळ. आठ जहाजं तिनं आधीच बुडवली होती म्हणे, आपल्यांचं नववं. एका दणक्यात बॉयलरपाशी सात माणसं गेली. आबा, आप्पा धरून अकरा जण होडीत उतरले, तर समोर तीच पाण्यावर आली. आता गोळ्या घालणार म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. तांबूस दाढीच्या एका पोरसवदा गोऱ्यानं पाण्याचा डबा खाली सोडला, जमीन कुठल्या अंगाला ते हातानं दाखवलं, आणि ती निघून गेली.

दोन तासांत इंग्रजांची लढाऊ बोट आली. साहेबानं विचारलं, कुठं गेली? दहा जण गप्प. आबा वीस वर्षांचे. घसा तिच्याच पाण्यानं ओला, पण नाकात सात जणांचा धूर. त्यांनी बोट दाखवलं.

दिवस मावळायच्या आत पाण्यात सुरुंग उडाले. तेलाचा तवंग, दोन फळ्या आणि एक टोपी वर आली. माणूस एकही नाही. आत पन्नासएक होते म्हणे. साहेबानं आबांची पाठ थोपटली.

आता माझं. दुकानाच्या उद्घाटनाला आबा आले, बाहेरूनच पाटी वाचली आणि पेढाही न घेता स्टँडवर परत गेले. तेव्हापासून मी तुझ्यावर जळतोय, की बापाला लेकीचंच घर गोड. पाटीवर काय होतं? येथे पाणबुडी मोटर मिळेल. विहिरीत सोडायच्या मोटरीला आपण दुसरं म्हणतो तरी काय? गिऱ्हाईक ती पाटी वाचून आत येतं. बाप वाचून माघारी गेला.

पानाचं आईनं ठरवावं. ती म्हणेल ते मला मान्य. आईस साष्टांग नमस्कार, आणि तुझ्यावर जळून झालं असल्यानं आता नुसतीच माया.

तुझा सोपान


दौंड, ता. २ नोव्हेंबर १९९८

चि. सोपानास ताईचे अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. आई भडकली. म्हंजी पन्नास वर्सं मी लोखंडावर जळले व्हय? मला सांगितलं असतं तर मी काय त्यांचं बोट कापणार होते? भिमाला ठाऊक, आन् मला न्हाई! आता सगळा राग भिमाआप्पांवर. दोन दिवस म्हणत होती, त्याला जेवायला बोलवायचं न्हाई. आज म्हणाली, बोलवा, त्याला नीट विचारायचं हाय मला.

सकाळी तांदूळ निवडता निवडता मधेच थांबली. म्हणाली, पन्नास लेकरं पोटात घेऊन बुडाली गं ती. सवत म्हणून न्हाई, पोटुशी गेली म्हणून तिचं पान वाढायचं. आन् मीच वाढीन, सोपान्याला खिरीचा हात न्हाई. तवा तू येताना केळीचं एक पान जादा आण. पाण्याचा तांब्याही तिचा वेगळा ठेवायचा हाय.

आबांची ती अंगठी तिच्या पानाशी ठेवू का, असं मी विचारलं, तर डोळे वटारले. पेटीतून काढून आईनं स्वतःच्याच बोटात घातली. ढिली होते, म्हणून दोरा गुंडाळलाय.

आदल्या दिवशीच ये. माया हाय तशी राहू दे.

तुझी ताई