तिसरी रेघ आणि तळ्याकाठची खोली

मी, सीत्स्के वीर्डा, वय पंचाहत्तर, राहणार लीवार्डन, निवृत्त फिगर स्केटर, हे स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझा पुतण्या डाउवे याला. पडद्यांची मापं त्याने घेतलीच आहेत.

२. माझे स्केटचे बूट आमच्या स्केटिंग क्लबने काचेच्या कपाटासाठी मागितले आहेत. मिळणार नाहीत. बर्फाच्या मैदानावर भाड्याने बूट देतात त्या खिडकीत ते द्यावेत. छत्तीस नंबर. पात्यांना आधी धार लावावी.

३. क्लबचं पत्र आलं आहे: १९६७ सालाबद्दल दिलगिरी लिहून दिल्यास सन्मानफलकावर नाव लावू. दिलगिरी नाही. मेल्यावर तर मुळीच नाही.

त्या साली काय झालं ते इथे नोंदवते. आमच्याकडे सगळे स्केट घालून बर्फावर सरळ शर्यतीच पळतात. वडील म्हणायचे, "पोरी, पुढे जायचं सोडून गोल गोल काय फिरतेस?" पण माझं सगळं आयुष्य त्या गोलातच होतं. एका पायावर, पात्याने बर्फात आठचा आकडा काढायचा, त्याच रेघेवरून तीनदा. मग परीक्षक वाकून रेघा तपासतात. त्या सालच्या स्पर्धेच्या दिवशी माझ्या तिन्ही रेघा एकावर एक होत्या. परीक्षकांनी शेजारची एक रेघ माझी तिसरी धरली आणि म्हणाले, ती दोन बोटं सरकली आहे. ती रेघ माझी नव्हतीच. आधी सराव करताना दुसरं कोणीतरी माझ्यासाठी राखलेल्या कोऱ्या बर्फावर शिरलं होतं. मी त्या रेघेशेजारी आडवी पडले आणि तासभर उठले नाही. दोन वर्षांची बंदी आली. पदक रेनस्के द्रास्त्रा हिला मिळालं. पुढे मी एकतिसाव्या वर्षापर्यंत खेळले, पण तिसऱ्या क्रमांकाच्या वर कधी गेले नाही.

४. तळ्याकाठची लाकडी खोली त्याच रेनस्केला. आम्ही चाळीस उन्हाळे तिथे एकत्र काढले. तिच्याशिवाय मला करमत नाही, हेही लिहून ठेवते. गेल्या महिन्यात कॉफी पिताना ती एकदम म्हणाली, "ती रेघ माझी होती गं."

"तोंडाने नको. लिहून दे."

"आता कशाला उगाळतेस? पदक काय परत घेणारेस?"

"पदक ठेव तुझ्याकडे. मला रेघ हवीय."

"खाष्ट आहेस नुसती!" म्हणाली, आणि दुसरं बिस्किट न विचारता उचललं.

५. नोटरीबाई सांगतात, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी ठेवत आहे. रेनस्केने खरं लिहून तिथे सही केली, तर कलम चार रद्द आणि खोली डाउवेला. तो ती विकणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. नाही केली, तर खोली तिची आणि सही शेजाऱ्याच्या बायकोची. मी रागावणार नाही, असं मात्र लिहून देत नाही.

लीवार्डन, १४ जानेवारी २०१९
सही: सीत्स्के वीर्डा

साक्षीदार १: योखम पोस्टमा, शेजारी

साक्षीदार २: रेनस्के द्रास्त्रा. १९६७ सालची ती तिसरी रेघ माझी होती. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आहे.