हिरावतीला अक्रोडी रंग

नरपड,
नागपंचमी

तीर्थस्वरूप हिरूबाय हिस,

धाकट्या नारूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरच. दोन्ही गुडघे गेल्यामुळे एकदा खाली गेलो की वर यायला वेणूला हाक मारावी लागते, आणि वेणू सध्या माझ्या हाकेला ओ देत नाही. त्याचं कारण पुढे येईल.) तुझी साखर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? वांगी-मिरच्या पावसाने ठेवल्या की नेल्या? खरं तर हे सगळं समोर येऊन विचारायला हवं. डहाणूहून वाणगाव म्हणजे एकच स्टेशन. पण मी आलो की तू मागच्या दाराने शेजारी जाऊन बसतेस, हे गेल्या खेपेला भाऊजींनीच चहा देताना खाली मान घालून सांगितलं. (चहा फार गोड करतात, त्यांना सांग.) फोन तू उचलत नाहीस. पत्र तरी उंबऱ्यावर पडून राहील आणि कधीतरी तुझा पाय त्याला लागेल, म्हणून लिहितो आहे.

मागचं तुला सांगायला नको, पण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 'हिरावती' मोडली त्याला दोन वर्षं झाली. बाबांनी बोटीला तुझं नाव दिलं, माझं नाही (आणि बरोबरच केलं, 'नारूवती' नावाच्या बोटीच्या जाळ्यात कोणता मासा आला असता). त्यामुळे तिच्यावर घण पडताना तुझ्या जिवाचं काय झालं असेल ते मला कळत होतं. पण तिचा तळ कुजला होता, सुताराने हात टेकले होते, आणि किनाऱ्यावर उभ्या-उभ्या तिला वाळवी लागलेली माझ्याच्याने बघवली नसती. आमचा पोरगा जिग्नेश म्हणाला, "चांगल्या फळ्या काढून घेऊ, वाडीत समुद्राकडे तोंड करून डेक बांधू, पाहुणे येऊन बसतील." तेव्हा तू ओट्यावर उभी राहून म्हणालीस, "ज्या बोटीवर बाबा कधी चप्पल घालून चढले नाय, तिच्यावर आता सुरतची मानसं बूट घालून फिरतील. पन सांगून ठेवते नारू, त्या लाकडाला दुसरा रंग चढायचा नाय." आणि वेणूने पुढे केलेला चहा तसाच ठेवून निघून गेलीस. तो चहा मी प्यायलो. थंड झाला होता.

तेव्हापासून तुझ्या राख्या कुरिअरने येतात. बाय, वाणगावचं पाकीट आधी भिवंडीला जातं, तिथे मुक्काम करतं आणि मग नरपडला येतं, हे तुला माहीत आहे का? माझ्यापेक्षा तुझी राखी जास्त फिरली. पहिल्या वर्षीची तर पौर्णिमा उलटल्यावर आली. बायकोच्या हातून राखी बांधून घ्यायची नसते, म्हणून एक टोक दातात धरून माझी मीच बांधली. गाठ नीट बसली नाही, आंघोळीला सुटली.

असो. तर तुझ्या त्या बोलण्याचं पुढे काय झालं ते ऐक. तुझी जीभ काळी आहे असं आई म्हणायची, मी मानत नव्हतो. आता मानतो. डेक उन्हाळ्याआधी उभा राहिला, आणि मे महिन्यात जिग्नेशने वापीहून लाकडाला लावायच्या रंगाचे डबे आणले. रंगाचं नाव अक्रोड. (आपल्या सात पिढ्यांत अक्रोड कोणी पाहिला असेल तर तो दुसऱ्याच्या दिवाळीच्या डब्यात.) त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात पांढरा शर्ट घातलेला एक गोरा माणूस हसत हसत ब्रश फिरवतो आणि चहा उकळायच्या आत त्याचा अख्खा डेक चकचकीत होतो. शर्टावर डाग नाही. "पप्पा, फक्त लावायचंय," असं म्हणून जिग्नेश कंपनीत कामाला निघून गेला. या घरात जे काम 'फक्त' असतं ते माझ्याकडे येतं.

आधी घासायचं होतं. घासायचं मशीन हातात धरलं की हाताबरोबर दातही हलतात, उरलेले. पण खरा ताप दातांचा नाही, वासाचा. वरचा थर निघाला आणि आतून इतक्या वर्षांचे बोंबील, करंदी, घोळ सगळे एकदम जागे झाले. ज्या माशांचं कालवण खाऊन माणसं म्हातारी झाली त्यांचा वास, बाय. दुपारपर्यंत गावातली झाडून सगळी मांजरं डेकच्या कडेने पंगतीला बसल्यासारखी ओळीने बसली. हाकलली की उठायची आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची. मी मशीन चालवत होतो आणि ती माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होती. इतक्या आशेने माझ्याकडे बऱ्याच वर्षांत कोणी बघितलेलं नाही.

मग रंग लावला. आता तूच सांग, ज्या लाकडाला आधी बाबांनी आणि मग मी दरवर्षी माशाचं तेल आणि राळ पाजली, त्याच्या पोटात आणखी काही मावेल का? रंग आत गेलाच नाही. दुधावर साय धरावी तसा वर धरून राहिला. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ऊन दाखवा. मे महिन्यातल्या डहाणूत लाकडाला ऊन दाखवायचं म्हणजे काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही. ऊन दाखवलं, वारा दाखवला, रॉकेलचा बोळा फिरवला. बोट लावलं की बोट चिकटायचं. त्यात वरून सुरूची पानं गळत होती. आठवड्याभरात डेकला दाढी आली.

वेणूचं कारण आता येतं. तिचं पहिल्यापासून म्हणणं होतं की एवढी सपाट, उन्हातली जागा पाहुण्यांवर कशाला घालवायची, सुकटीला चांगली आहे. एका दुपारी मी आडवा झालो असताना तिने कोणाला न विचारता टोपलीभर जवळा त्याच्यावर पसरला. संध्याकाळी गोळा करायला गेली तर जवळा येईना. झाडू मारला तर झाडू चिकटला. मग आम्ही दोघं हातात करवंट्या घेऊन अंधार पडेपर्यंत खरवडत बसलो. ती म्हणाली, "ओला हाय ते सांगायचं नाय का?" मी म्हणालो, महिनाभर मी दुसरं काय सांगतो आहे. हे वाक्य मी गिळायला हवं होतं. खरवडलेला अक्रोडी जवळा कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनी वास घेतला आणि त्या निघून गेल्या. वेणूही गेली. तेव्हापासून ताट समोर येतं, शब्द येत नाही.

एवढ्यात सूनबाईने, म्हणजे कल्पिताने, मोबाइलवरून पहिलं बुकिंग घेतलं. सुरतचं कुटुंब, शुद्ध शाकाहारी. शेठ नव्याकोऱ्या चपला घालून डेकवर चढले, खुर्चीत बसले, समुद्राकडे बघून म्हणाले फार छान, आणि मग नाक वर करून हा वास कसला ते मला विचारलं, "काका, आ शेनी वास आवे छे?" मी समुद्राकडे बोट दाखवलं. (सगळंच खोटं नव्हतं.) तेवढ्यात मांजरं आली. शेठ उठले. शेठ आले, चपला आल्या नाहीत. ओढल्या तर पट्टे हातात आले. त्यांच्या बायकोची एक चप्पल तिथेच, मुलीच्या दोन्ही. सगळं कुटुंब अनवाणी, हळूहळू, देवळात चालल्यासारखं खाली उतरलं. ते लाकूड अनवाणी पायही धरतं, पण सोडून देतं. चप्पल मात्र सोडत नाही.

मी पायरीवर उभा होतो, बाय, आणि त्या चिकटलेल्या चपलांकडे बघून मला हसू आलं. मग एकदम बाबांची आठवण आली आणि हसू गेलं. बोट मोडली, फळ्या झाल्या, फळ्यांवर अक्रोड फासला, तरी पोरीने बाबांचा नियम सोडला नाही. आता कल्पिताने पाटीच लावली आहे, 'चपला खाली काढाव्यात'. गेल्या दोन महिन्यांत हिरावतीवर कोणी चप्पल घालून उभं राहिलेलं नाही. बुकिंगही आलेलं नाही, ते वेगळं.

आणखी एक. घासताना नाळेच्या फळीपाशी आलो. तीच, बोटीच्या तोंडाची, जिच्यावर दर नारळी पौर्णिमेला तू कुंकू लावायचीस. मशीन फिरवलं, वरचं गेलं, खाली लाल. आणखी फिरवलं, आणखी लाल. मग मशीन बंद केलं आणि तिथेच बसून राहिलो. त्या फळीला मी अक्रोड लावला नाही. ती समुद्राकडच्या टोकाला उभी ठोकली आहे, तिच्यावर कोणाचा पाय पडत नाही. जिग्नेश कुरकुरला की एकच फळी वेगळी दिसते. मी म्हणालो दिसू दे.

थकलो, बाय. भाऊजींना नमस्कार सांग. मिरच्यांना पाऊस मानवो आणि तुला साखर कमी पडो.

तुझा धाकटा,
नारू

ता. क. — जिग्नेशला या रंगावरून काही बोलू नकोस. पोराने मन लावून केलं. दर रविवारी घरी आला की आधी डेकला बोट लावून बघतो, मग हात धुतो.

ता. क. — पौर्णिमा पुढच्या आठवड्यात आहे. नाळेच्या फळीला दोन वर्षं कुंकू नाही. वेणूला म्हटलं तू लाव. दोन महिन्यांनंतर पहिल्यांदा बोलली, "मी नाय लावनार. ती नणंदेची जागा हाय." तेव्हा यंदा कुरिअर करू नकोस. राखी आणि कुंकू दोन्ही घेऊन तू ये. मला तुझी फार आठवण येते. हे एवढंच लिहायचं होतं, वरचं सगळं लिहून मग जमलं.

ता. क. — येताना जुनं लुगडं नेसून ये. पावसानेही तो रंग वाळला नाही. चहा डेकवरच देणार आहोत. तिथे बसलेल्या माणसाला चहा टाकून चटकन उठता येत नाही, असं वेणू म्हणते.